सिएनाची वेस आणि मालिनी केतकर

मालिनी केतकर म्युनिकला पीएचडी करत होती, ती एका वेशीवर. इटलीतल्या सिएना शहराची उत्तरेकडची वेस, पोर्ता कामोल्लिया. दर उन्हाळ्यात ती तिथे जाऊन कमानीच्या विटा न् दगड मोजून यायची. १६०४ मध्ये वेस नव्याने बांधली, तेव्हा बाहेरून येणाऱ्याला दिसेल असं लॅटिनमध्ये कोरलं होतं, की सिएना तुझ्यासाठी या दारापेक्षा मोठं हृदय उघडते.

त्याच शहराने त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या वेढ्यात, धान्य संपत आलं तेव्हा, म्हातारे, बायका, पोरं ‘निरुपयोगी तोंडं’ म्हणून तटाबाहेर हाकलली होती. शत्रूने त्यांना मारत परत पिटाळलं. आतून कुणी दार उघडलं नाही. तट आणि तोफा यांच्या मधल्या पट्ट्यात ती माणसं भुकेने आणि माराने मेली. मालिनीच्या प्रबंधात त्यांना दीड ओळ मिळाली होती.

२००६ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी ती इन्स्टिट्यूटमधून घरी निघाली. खांद्यावर मोजणीची ॲल्युमिनियमची काठी होती. झेंडलिंगर टोअर या म्युनिकच्या जुन्या वेशीच्या कमानीखाली दोन दारुडे एका म्हाताऱ्याला लाथा घालत होते. तो जवळच्या आइस्क्रीमच्या दुकानातला ब्रूनो. येणारे-जाणारे नजर चुकवून पुढे सरकत होते.

“सोडा त्याला,” मालिनी जर्मनमध्ये म्हणाली.

एकाने वळून तिच्या कानाखाली अशी वाजवली, की तिचं डोकं विटांवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. तो पुन्हा ब्रूनोच्या डोक्यावर पाय उगारतोय हे दिसलं, आणि तिने दोन्ही हातांनी काठी हाणली. त्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तिने परत हाणली. मग दुसऱ्याने तिला खाली पाडून बरगड्यांत बूट घातले. ट्रामचा ड्रायव्हर लोखंडी दांडा घेऊन धावत आला, तेव्हा कुठे ते पळाले.

ब्रूनो शुद्धीवर न येताच गेला. मालिनीचा डावा कान कायमचा बंद झाला.

दवाखान्यातून आल्यावर तिने त्या दीड ओळीचं मोठं प्रकरण लिहिलं. प्राध्यापक म्हणाले, “हे बांधकामाचा इतिहास वाटत नाही.”

“दार बंद ठेवण्यासाठीही बांधतात,” ती म्हणाली. प्रकरण प्रबंधात राहिलं.

ते दोघे पकडले गेले, आणि पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलाने विचारलं, “माझ्या अशिलाला मारताना तुम्हाला बरं वाटलं का?”

“हो,” मालिनी म्हणाली. “बरं वाटलं. मला पाडलं नसतं तर आणखी मारलं असतं.”

दोघांना शिक्षा झाली.

बाहेर आल्यावर तिचा नवरा श्रीरंग वैतागून म्हणाला, “असं कशाला बोललीस? केस उलटली असती.”

“खोटं बोलायचं होतं का?”

ब्रूनोची बायको पायऱ्यांवर उभी होती. तिने मालिनीचा हात धरला, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडला नाही.