ओहोटीला न पाहिलेली बोट

नोकरीतल्या बऱ्याच खुनांचे तपशील आता पुसट झाले. एक प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही, आणि त्यात खून झालाच नव्हता. खुनी मात्र मी पकडला होता.

नव्वदच्या दशकातला मे महिना. नवी मुंबईत खाडीकाठच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. संध्याकाळी ठाणे अंमलदाराने खबर दिली की घणसोलीच्या बाजूला खाडीत उभ्या असलेल्या एका जुन्या लाकडी बोटीत म्हातारा मरून पडला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती होती. होडीतून थेट बोटीला लागलो, बुटाला चिखलही लागला नाही.

म्हातारा एकेकाळी मासेमारी करायचा. बायको गेल्यावर गावठाणातल्या घरात त्याला करमेना. खोल्या भाड्याने देऊन टाकल्या आणि बिनइंजिनाच्या स्वतःच्या बोटीवर राहायला गेला. मूलबाळ नाही. बोलायला रोज एकच माणूस यायचा, चाळिशीचा पुतण्या, तो दुपारचा डबा आणायचा. संध्याकाळी रिकामा डबा न्यायला आला तेव्हा त्यानेच प्रेत पाहिले.

केबिनमध्ये म्हातारा कुशीवर झोपल्यासारखा होता. अंगावर जखम नाही. ऊन येऊ नये म्हणून पडदे ओढलेले. छताला पंखा, कोपऱ्यात छोटा टीव्ही. आठच दिवसांपूर्वी त्याने जनरेटर घेतला होता. इंजिन काढल्यावर मागचा खण रिकामा होता, त्यात तो बसवला होता, वर झाकण. धुराचा पाइप डाव्या बाजूने फळीतून बाहेर काढलेला, पाण्याच्या वर वीतभर. मी स्वतः वाकून पाहिले. पंचनाम्यात लिहिले : ‘धूर बाहेर जाण्याची सोय आहे. टाकी रिकामी. स्विच चालू स्थितीत.’ अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, “पुतन्याला धरा. दोन दिवस आधी बोटीवर जाम भांडत व्हते दोघं. बोट त्यालाच पायजे.”

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की मेल्यावर रक्त साकळून अंगावर जे डाग पडतात ते नेहमीपेक्षा लाल आहेत. “काही विषांत असं होतं. धुराचाही प्रकार असू शकतो. तिथं धूर होता का?”

“नाही,” मी छातीठोकपणे सांगितले. “पाइप बाहेर आहे. मी पाहिलाय.”

व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला. अहवालाला महिने लागतात. मला महिने थांबायचे नव्हते. डबा होता, भांडण होते, बोटीचा वारस होता. भर दुपारी जीप घेऊन गावात गेलो आणि पुतण्याला जेवणावरून उठवून नेले. सगळी गल्ली दारात उभी होती. मला ते आवडले होते, हे आज लिहितो. तेव्हा कबूल केले नसते.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला.

“भांडन बोटीवरनं नाय, साहेब. पाइपावरनं झाला. मी काकाला बोललो, पाइप वर काढ, टपाच्या वर. तो बोलला, तू मना नको शिकवू.”

“पाइपासाठी कोण भांडतं रे?”

“बोट डाव्या कुशीवर बसते, साहेब. पानी उतरल्यावर या ना. भरतीला काय दिसनार?”

मी हसलो. वर्दीतल्या माणसाला समोरच्याचे बोलणे कमी आणि स्वतःचा संशय जास्त ऐकू येतो. त्याला कोठडीत ठेवले. भेटायला कोणी आले नाही. त्याच्या घरचा डबाही आला नाही. ज्याच्या डब्यावर आळ आहे त्याच्या घरून डबा पाठवायला घरचेही घाबरले असणार.

तपासात आम्ही बोटीवर पुन्हा दोनदा गेलो. दोन्ही वेळा भरतीला. शिपाई म्हणायचा, “साहेब, ओहोटीला गुडघाभर चिखल असतो, बुटांची वाट लागेल.” मलाही पटायचे. जनरेटर सुरू करून पाहिला. मस्त चालला. सगळा धूर बाहेर.

तिसऱ्या दिवशी आमचा हवालदार माझ्या टेबलाशी आला. तो उरणकडचा मुसलमान, घराण्याचे शिडाचे मचवे होते. म्हणाला, “साब, म्हातारा मेला दुपारी. त्या दुपारी ओहोटी होती. आपण प्रत्येक वेळी पाणी बघून येतो.”

“मग?”

“मग काय, एकदा चिखल बघू. बुटाचं टेन्शन असेल तर माझे घाला. तसे पण फाटलेत.”

गेलो. चिखलातून बोटीपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला, मी एकदा तोंडावर आपटलो. हवालदाराने हसू दाबले नाही. मीही हसत मान वर केली आणि समोर जे दिसले ते बघून दोघांचेही हसू गेले. पाणी उतरल्यावर बोट डाव्या कुशीवर कलंडून बसली होती, पुतण्या म्हणत होता तशीच. पाइपाचे तोंड गाळात रुतले होते. तो नुसता गाळ नव्हता, म्हाताऱ्याच्या नाकावर दाबलेली उशी होती.

दारे-पडदे उघडे ठेवून जनरेटर सुरू केला. गुदमरल्यासारखा, पण चालला. पाइपाचा जोड दोरी आणि तारेने आवळलेला होता. धूर गाळातून जाईना, म्हणून जोडातून खणात येऊ लागला. खण आणि केबिन यांच्यामधल्या जुन्या फळ्या सुकून त्यांत बोटभर फटी पडल्या होत्या. मी फटीसमोर पंचनाम्याचा कागद धरला. तो फडफडला. डोळे चुरचुरायला लागले तसे हवालदाराने मशीन बंद केले आणि मला दंडाला धरून बाहेर ओढले.

आधीचा आठवडा म्हातारा वाचला कसा? रात्री खाडीचा वारा असायचा, मशीन तो दुपारच्या उकाड्यातच लावायचा. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. जनरेटर आणला तेव्हा दुपारी बोट तरंगत होती. हळूहळू ओहोटी दुपारवर आली. त्या दिवशी तो जेवला, पंखा लावला, आडवा झाला. धुरातल्या ज्या वायूने माणूस मरतो त्याला स्वतःचा वास नसतो, आणि पेट्रोलचा वास त्याच्या सवयीचा झाला होता. टाकी संपेपर्यंत मशीन चालले. संध्याकाळी पाणी चढले, बोट सरळ झाली, पाइप धुऊन निघाला आणि आम्ही आलो.

जनरेटर विकणाऱ्याकडे गेलो. तो मांडवांना मशीन पुरवायचा. त्याच्याच माणसाने बसवून दिले होते.

“बोटीवर राहणारा म्हातारा आहे, हे माहीत होतं?”

“साहेब, मांडवात लावा, बोटीत लावा, मशीन तेच. आवाज नको म्हणाला, खणात टाकून दिलं.”

मशीन तेच! माणूस मेला आणि हा मला मशीनचा फोटो दाखवत होता. निष्काळजीपणाचा गुन्हा लावायला मी धडपडलो. पाइप म्हाताऱ्याने सांगितला तिथेच काढला, असे त्याने लिहून दिले आणि प्रकरण वरून बंद झाले. जुन्या बोटीवर काय बसवले जाते हे बघणारे कोणी नव्हते. म्हणून इथे लिहितो, वाचणाऱ्याने ज्याची बोट आहे त्याला सांगावे. एक दिवा, एक पंखा चालवायला मांडवाचे मशीन लागत नाही, छोटे घ्या. बंद खणात पेट्रोलचे मशीन ठेवूच नका. उघड्यावर ठेवा, आवाज सहन करा. पाइप टपाच्या वर न्या, जोड लोखंडी आणि घट्ट. बोट गाळात बसली असेल तर मशीन बंद. आणि ते चालू असताना झोपायचे नाही, कितीही उकडू दे.

पुतण्याला पुरावा नाही म्हणून कलम १६९ खाली सोडले. सकाळची वेळ होती. सही घेतली, पट्टा आणि चपला परत दिल्या. मी म्हणालो, “जा आता.” माफी मागितली नाही. ठाण्याच्या फाटकातून तो एकटाच चालत गेला.

काही महिन्यांनी व्हिसेराचा अहवाल आला. जेवणात विष नाही. अहवालाची प्रत घेऊन मी गावात गेलो. त्याच्या दाराला कुलूप होते. शेजारच्या म्हातारीने सांगितले, बायकोमुलांना घेऊन द्रोणागिरीकडे गेला, गोदामावर राखणीला. गावात त्याच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते.

“पण तो सुटलाय आजी. निर्दोष आहे. हा कागद बघा.”

तिने कागदाकडे पाहिलेही नाही.

“न्यायला गाडी आनलीव. गल्लीभर भोंगा वाजवलाव. सोडायला कोन आला व्हता?”

पुढे पंचवीस वर्षे नोकरी केली. निर्दोष सुटलेल्या प्रत्येक माणसाला त्याच जीपमधून, दिवसाढवळ्या, त्याच्या दारापर्यंत सोडले आणि शेजाऱ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला. सहकारी चेष्टा करायचे. मी एकालाही चुकवले नाही. एकाला सोडायचे राहिले होते. द्रोणागिरीला त्याला शोधत दोनदा गेलो. गोदामे पुष्कळ, राखणदार सारखे बदलणारे. त्याला ओळखणारे कोणी भेटले नाही. जीप रिकामीच परत आणली.