कांदा कोण देतं कुत्र्याला

आमच्या इमारतीत कुत्रे पाळणाऱ्यांपेक्षा न पाळणाऱ्यांना कुत्र्यांची माहिती जास्त आहे. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जाताना मला जेवढे सल्ले मिळतात तेवढ्यात एखादा दवाखाना चालेल. अंघोळ रोज घाला, अंघोळ महिन्यातून एकदाच घाला, दूध द्या, दूध मुळीच नको. मी सगळ्यांना कानडीत ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणते आणि दार उघडलं की कुत्र्याच्या मागे चालू लागते. जन्मापासून घरात कुत्रा नाही असा काळ मला फारसा आठवत नाही, त्यामुळे सल्ले ऐकून घेण्याची सवय आहे.

माझ्या माहेरी, बेळगावला, कुत्र्याची निगा म्हणजे त्याच्यावर ओरडणं. औषधं दोनच, हळद आणि खोबरेल. त्यांनी बरं वाटलं नाही तर ‘पडू दे जरा’ हा तिसरा इलाज. त्यातूनही ती कुत्री म्हातारी होईपर्यंत जगली, हे आमचं कर्तृत्व नव्हे, त्यांचं. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा नवऱ्याने कारखान्याच्या फाटकातून एक तांबूस कुत्री उचलून आणली. मला विचारलं नव्हतं. पुढे ती माझीच झाली आणि गोचीडतापाने गेली, तेव्हा मी जेवढी रडले तेवढी नातेवाइकांच्या कुठल्याही मयतीला रडले नाही. सासूबाईंनी ते पाहिलं आणि बोलून दाखवलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या दिवसापासून मी गोचिडांची वैरीण झाले. पंजाच्या बोटांमध्ये, कानाच्या घडीत, शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवायचा. गोचीड नुसती ओढायची नाही, तोंड आत राहतं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर काढायची. अंघोळीनंतर कान कोरडे करायचे, नाहीतर पावसाळ्यात आंबट वास मारतात. फरशीवर नखांचा टकटक आवाज यायला लागला की ती कापायची वेळ झाली. दुपारी डांबरावर आधी आपला तळहात टेकवून बघायचा, आपल्याला सोसलं तर त्याला सोसेल. दिवाळीत त्याला न्हाणीघरात घेऊन बसायचं आणि पंखा मोठा करायचा. हे सगळं मी इतक्या जणांना शिकवलं आहे की खालच्या मजल्यावरचे लोक मला जनावरांची डॉक्टरीण समजतात. मी कधी नाकारलं नाही.

आताचा कुत्रा आला तेव्हा मी ठरवलं होतं की हा गोचिडीने जाणार नाही. तसा तो गेलाही नाही. पण तो बसल्या जागी झिजू लागला.

तो माझा कमी आणि सासूबाईंचा जास्त. सासूबाई पंच्याऐंशी उलटलेल्या, गुडघे गेलेले, दिवसभर खिडकीशी खुर्चीत. कुत्रा त्यांच्या पायाशी. मुलगा-सून कोरमंगलाला राहतात, रविवारी येतात. नवरा निवृत्त झाल्यापासून सकाळी बाजारात आणि दुपारी झोपेत. मी स्वयंपाकघरात. म्हणजे सासूबाईंशी दिवसभर बोलायला उरतो तो कुत्रा. त्यांची मराठी बेळगावकडची, कानडीच्या अंगाने जाणारी, आणि ती त्याला पूर्ण कळते. ‘काय बघायलास रे, ये की’ म्हटलं की तो मान त्यांच्या मांडीवर ठेवतो. मी हाक मारली तर आधी विचार करतो.

त्याचं अधिकृत जेवण माझ्या हातचं: मऊ भात, गाजर, उकडलेलं अंडं, आणि सुनेने आणून दिलेले ते कुत्र्यांसाठीचे पाकिटातले महागडे दाणे. मीठ नाही, तिखट नाही. अनधिकृत जेवण सासूबाईंच्या ताटातलं. दात नसल्याने त्या भाकरी आमटीत चुरून खातात. एक घास आपल्याला, एक त्याला. रोज दोन्ही वेळेला. आम्ही सगळे हे बघत होतो आणि कुणीच बघत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच आनंद, असं म्हणून आम्ही पाठ फिरवायचो.

गंमत अशी की हा कुत्रा दरवर्षी चातुर्मासात ताजातवाना व्हायचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत सासूबाई कांदा, लसूण, वांगं सोडतात, आणि त्यांनी सोडलं की घरानेच सोडल्यासारखं होतं, कारण दोन आमट्या करायला मला दोनच हात आहेत. अंडंही घरात शिजत नाही. कुत्र्याला दहीभात आणि दाणे. त्या चार महिन्यांत त्याच्या अंगावर तकाकी यायची, जिन्यावरून उड्या मारायचा. पुढे थंडी सरून शिमगा आला की पुन्हा मलूल. सासूबाई म्हणायच्या, मागल्या जन्मीचा कुणी पुण्यवान जीव आहे, व्रत मानवतं त्याला. सून पुण्याची, सगळ्याला कारण हवं. ती म्हणाली, अंड्याची ॲलर्जी असणार. मी म्हणाले, पावसाळ्यात गारवा असतो म्हणून. प्रत्येकीने आपापल्या बुद्धीप्रमाणे खुलासा केला आणि त्याच दिवशी जेवायला आमटीच केली.

मागच्या उन्हाळ्यात तो जिन्याच्या मध्येच बसला. ओठ उचलून बघितलं तर हिरड्या पांढऱ्या. लघवी गडद, कोऱ्या चहाच्या रंगाची. मी तांबूस कुत्रीच्या वेळचं सगळं आठवून नवऱ्याला म्हणाले, गोचीडताप. आयुष्यभर ज्या शत्रूची वाट पाहिली तो आला, असंच मला वाटलं. रिक्षावाल्याने कुत्र्याला आत घ्यायला नाही म्हटलं, मग नवऱ्याने कानडीत त्याच्या गावाची चौकशी केली आणि त्याने घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टर आमच्या सुनेच्या वयाची. रक्त घेतलं, काचेवर बघितलं. गोचीडताप नव्हता. मला थोडं अपमानित झाल्यासारखं वाटलं. तिने विचारलं, “ईरुळ्ळी कोडतीरा, अम्मा?” म्हणजे कांदा देता का.

“कांदा कोण देतं कुत्र्याला?” मी म्हणाले.

आणि मी खोटं बोलत नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आमच्याकडे कांदा हा काही कुणी कुणाला देत नाही. तो असतोच. यशवंतपूरचा बाजार घराच्या मागे, नवरा तिथून पोत्याने कांदा आणतो, कारण एक-दोन किलो मागायला त्याला लाज वाटते. आमटीत फोडणीला कांदा, वाटणात भाजलेला कांदा, आणि वर जे घरचं तिखट पडतं त्यातही कांदा-लसूण कुटलेला. एवढं करून आम्ही त्याला आमटी म्हणतो. सुनेने मागे चॉकलेट, द्राक्षं, कांदा यांबद्दल बजावलं होतं तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सासूबाईंनी तर, “शी, कच्चा कांदा खाईल का ते?” असंही विचारलं होतं.

डॉक्टरने सावकाश समजावलं. शिजवलेला, वाळवलेला, कसाही कांदा कुत्र्याचं रक्त फोडतो. रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातो. बंद झाला की शरीर नवं रक्त करतं. “अजून स्वल्प दिवस असंच चाललं असतं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं असतं, आणि ते वेळेत मिळेलच असं नाही.” नवरा भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत राहिला. त्याला चातुर्मास आठवला होता. मलाही.

परतताना प्रश्न एकच होता, आईंना कोण सांगणार. कुत्रा वाचवायचा तर घास थांबायला हवा, आणि घास थांबवायचा तर पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगायला हवं की तुमच्या हातून हे होत होतं.

नवरा म्हणाला, मी बोलतो. तो आत गेला, आईजवळ बसला, आणि बेळगावात यंदा ऊन कसं आहे यावर अर्धा तास बोलून बाहेर आला. रविवारी सुनेने मोबाइलवर एक इंग्रजी व्हिडिओ दाखवला. सासूबाईंनी तो शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, “ह्या कुत्र्याला खायला घालत नाहीत वाटतं गं.” मग मी माझी युक्ती केली. न बोलता आमटीतून कांदा काढला. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. “चातुर्मास लागला काय गं उन्हाळ्यात?”

तेव्हा मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं.

आधी त्या भांडल्या. त्यांच्या माहेरची कुत्री कांदा-भाकरीवर वाढली, दगड पचवायची, या डॉक्टरांना काय कळतंय. मी म्हणाले, त्यातली किती गेली आणि कशाने, हे कुणी बघितलं होतं? त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर होता. तो हात उचलून त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला.

“म्हणजे मी गं?” त्या म्हणाल्या.

“कांदा,” मी म्हणाले.

“कांदा काय चालत गेला त्याच्या तोंडात?”

त्या मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत त्यांनी मला मिठावरून, झाडण्यावरून, दार जोरात लावण्यावरून इतकं बोलून घेतलं आहे की त्या दिवशीचं त्यांचं न बोलणं मला सहन होईना. मला त्यांची फार दया आली, आणि त्यांना दया आवडत नाही हे माहीत असल्याने मी उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्या जेवताना दार लावून घेऊ लागल्या. कुत्रा बाहेर दाराला नाक लावून बसायचा. कण्हायचा नाही, ओरबाडायचा नाही, नुसता बसायचा. आतून ताट अर्धं परत यायचं. मी दोघांकडे बघत होते. कुत्रा माझ्या हातचा भात हुंगून सोडायचा, सासूबाई माझ्या हातची भाकरी मोडून सोडायच्या. डॉक्टरच्या गोळ्या त्याला गुळात लपवून द्यायची वेळ आली. कुत्र्याचं रक्त भरून येईल, पण त्याआधी ही बाई जाईल, असं मला खरंच वाटू लागलं. नवऱ्याला म्हटलं तर तो बाजारात गेला.

मग एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. “त्याला काय चालतंय?”

मी सांगितलं. भात, गाजर, अंडं, अळणी डाळ, थोडं दही, साधी भाकरी.

“मलाही तेच वाढ. दार उघडं ठेव.”

मला वाटलं दोन-चार दिवसांचा रुसवा आहे. ज्या बाईने आयुष्यभर माझ्या आमटीत तिखट कमी म्हणून नाक मुरडलं, तिने अळणी डाळीत भाकरी चुरली. एक घास आपल्याला, एक त्याला. कुत्र्याने खाल्लं. त्यानेही थोडा विचार केला होता, पण खाल्लं. त्या दिवशी दोन्ही ताटं रिकामी आली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पदराने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते, त्यामुळे कारण सांगायची सोय नव्हती.

हळूहळू त्याच्या हिरड्या गुलाबी झाल्या. डॉक्टरने पुन्हा रक्त बघितलं आणि मला शाबासकी दिली, अगदी पोरीसारखी पाठ थोपटून. मी म्हणाले, शाबासकी घरी खुर्चीत बसल्या आहेत त्यांना द्या. तिला काही कळलं नाही.

चातुर्मास आला तेव्हा सासूबाईंना सोडायला काही उरलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, यंदा वांगं तेवढं सोडते. कार्तिकी झाली. नवऱ्याने हौसेने कांदाभजी आणली, गरम, कागदातून तेल उतरत होतं. सासूबाईंनी वास घेतला, डोळे मिटले, आणि ताट सरकवलं. मी म्हणाले, “अहो आई, तुम्ही तुमच्या ताटात कांदा खा की. त्याला मी वेगळं देते. डॉक्टरांनी त्याला सोडायला सांगितलंय, तुम्हाला नाही.”

“त्याला वास येतोय,” त्या म्हणाल्या. “मी खायचं आणि त्याला द्यायचं नाही, हे त्याला कुठल्या भाषेत सांगू? असू दे. हे कुत्रं गेलं की मग घाल माझ्या आमटीत कांदा.”

कुत्रा आठ वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणते, अजून पाच-सहा वर्षं सहज काढेल. हा हिशेब मी मनात केला आणि सासूबाईंकडे बघायचं टाळलं. पण त्यांनी तो कधीच केलेला होता. त्याच्या कानामागे खाजवत, उद्या काय करायचं ते सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, “आणि मी आधी गेले, तर तेराव्याला माझ्या पानावर कांदा वाढ भरपूर. भटजी काय म्हणेल ते म्हणू दे. पण ह्याला तेवढा वेळ आत बांधून ठेव. माझं पान बघितलं की ते येऊन बसणार बघ शेजारी, आपला घास मागायला.”