मामांची विनाशिका आणि माझं वऱ्हाड

माझे मामा महायुद्धात विनाशिकेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर होते. मालवाहू जहाजांच्या ताफ्याची राखण करत समुद्रात हिंडले. लढाई संपून दहा वर्षं झाली, तरी माझ्या लग्नाच्या बैलगाड्यांना त्यांनी तीच शिस्त लावली. चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडे आत्याबाईंच्या गाडीचं चाक निखळलं. मुहूर्त टळत होता, आणि मामांनी सगळ्याच गाड्या थांबवल्या.

बाशिंग सावरत मी ओरडलो, "मामा, काहून थांबवून राह्यले? आत्याबाई येतीन मांगून!"

"एक जहाज असंच मांगं सोडलं होतं आमी," मामा म्हणाले. "ते आलंच नाही."

मुहूर्त गेला. सासरे जन्मभर ऐकवत राहिले. आणि आत्याबाई म्हणतात, "मले कोनं थांबा म्हटलं होतं?"