तिसऱ्या पिनेवरचं कुंकू

मी थापाड्या आहे, हे अंबडच्या टपरीवरचं कुत्रंसुद्धा सांगेल. तीस वर्षं क्रँक घासतोय. पिस्टन वरखाली नाचतात, तो नाच गोल फिरवून चाकांकडे पाठवणारा इंजिनातला वाकडातिकडा दांडा म्हणजे क्रँक. माझ्या हाताखालून इतके गेलेत की ओळीनं मांडले तर गंगापूर रोड संपून रांग धरणात बुडेल. बरं, थोडे कमी असतील.

पुढचं मात्र बिनमसाल्याचं आहे. तेव्हा माझी खरोखर तंतरली होती.

मुलगी ओझरला नोकरी करते आणि सुट्टीला माझ्याच गाळ्यात जुन्या गाडीचं इंजिन उलगडून बसते. त्याला टर्बो, म्हणजे जास्तीची हवा कोंबणारा पंखा, लावून चारशे घोड्यांची ताकद काढायची आणि स्पर्धेत गाडी स्वतः पळवायची, हा तिचा बेत. मूळचा बिडाचा क्रँक एवढ्या दाबाला टिकणार नव्हता. तिला अखंड पोलादातून कोरलेला नवा मागवायचा होता. मी म्हणालो, आपल्याकडे जुना फोर्जिंगचा, तापवून ठोकून घडवलेला, पडलाय, तसलं पोलाद आता मिळत नाही. तारेला टांगला, हातोडीनं टिचकी मारली. तडा असला की क्रँक बद्द वाजतो. हा असा घुमला की पेठच्या डोंगरात गुरांनी चरणं थांबवलं असेल.

"पास," मी म्हणालो.

"एवढ्यावरच?"

"अगं, कान कुणाचा आहे?"

बारीक तडा कानाला कळत नाही, हे मी कारागिरांना हजारदा शिकवलंय. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहिलं.

खंडेनवमीला गाळ्यातल्या हत्यारांबरोबर त्या क्रँकचीही पूजा झाली. बायकोनं तेलाच्या बोटानं प्रत्येक पिनेवर, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे अडकतो त्या गुळगुळीत गोलाव्यावर, कुंकू लावलं. दसरा झाला, गाळा उघडला. मी डिझेलच्या बोळ्यानं क्रँक पुसायला घेतला. सगळं कुंकू निघालं, पण तिसऱ्या पिनेच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ राहिली. ती पुसली. चहा संपेपर्यंत परत हजर. आत मुरलेलं तेल कुंकवासकट बाहेर येत होतं. म्हणजे आत फट होती.

 भर वेगात तुटलेला क्रँक इंजिन फोडून बाहेर येतो. मी ते एकदा पाहिलंय, आणि तेवढं एकच कुणाला रंगवून सांगत नाही. या इंजिनामागे माझी पोर बसणार होती.

ती आल्याबरोबर म्हणालो, "हा बाद. तडा आहे."

ती हसली. "पप्पा, गेल्या महिन्यात टर्बोत साप निघाला होता. त्याआधी कुठल्याशा ज्योतिषाला लाल गाडी चालत नव्हती. मी गाडी पळवू नये म्हणून अजून किती रचणार?"

साप मी रचला होता. ज्योतिषीसुद्धा. ती बाही सरसावून क्रँक बसवायला उचलू लागली, आणि माझ्याकडे एकही असं वाक्य नव्हतं जे तिला खरं वाटलं असतं.

मी बोळा तिच्या हातात दिला. "पूस, आणि जरा थांब. मी काही बोलत नाही."

मला गप्प बसलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बहुतेक त्यानंच ती थोडी दचकली. तिनं पुसलं, आतलं तेल शोषून दिसावं म्हणून वर खडूची पूड मारली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर लाल रेघ उमटली.

"तुम्ही पास म्हणाला होतात," ती हळूच म्हणाली.

"हो." एवढा छोटा शब्द मला कधी इतका जड गेला नव्हता.

नवा क्रँक आला. त्यालाही तेल-कुंकू फासून दोन दिवस ठेवला. रेघ नाही. तरी तिची अट होती, "पहिल्या फेरीला शेजारी तुम्ही बसायचं. कान तुमचा आहे ना?"

बसलो. टर्बोनं शीळ घातली आणि सीटनं मला गिळलं. टपरीवर मी सांगतो की अख्खी फेरी मी हसत होतो. खरं तर डोळे मिटून पायाखालचं इंजिन ऐकत होतो. आवाज सुरेख येत होता. तसा तो जुन्याचाही आला होता.