बाईंनी माफी मागितली

कोपरीतल्या आमच्या रविवारच्या दहावीच्या वर्गात सतरा वर्षांच्या नापास पोरांपासून माझ्यासारख्या पन्नाशीच्या वॉचमनपर्यंत सगळा माल कोंबलेला. आमच्या दंग्यापुढे घोडबंदर रोडचं ट्रॅफिकही शिस्तीचं वाटावं. बाई मात्र आम्ही ओरडलो की आवाज आणखी खाली आणत. इतका, की मुंगीनेही कान पुढे करावा. आपल्याबद्दलच काही बोलतायत की काय, या भीतीने आम्हीच एकमेकांना गप्प करायचो.

एक दांडगा रिक्षावाला तेवढा बधेना. परवा बाईंनी त्याला धडा वाचायला उभं केलं, तर त्याने पुस्तकच भिरकावलं.

"ओ बाई, बालवाडी समजलात काय?"

म्हणत तो दाराकडे निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हसण्यात सगळ्यांत पुढे मी. आता याचं नाव कटणार, परीक्षाही गेली, हे नक्की.

बाईंनी पुस्तक उचलून झटकलं. "दादा, चूक माझी. तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर उभं केलं. माफ करा."

मी हादरलो! मास्तरांनी मला इतक्या छड्या मारल्यात की एक जंगल संपलं असेल. माफी एकानेही मागितली नव्हती.

दारापर्यंत गेलेला तो गडी तिथेच थांबला. भिंतीकडे बघत म्हणाला, "मला धड वाचता येत नाही, बाई. अडकतो."

आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "मीपण अडकतो."