मामंजींचा अर्ज आणि आमचं कोर्ट

आमच्या बॉल बॅडमिंटनच्या कोर्टावरून कुणीतरी चुन्याची लांबलचक रेघ मारून ठेवलेली दिसली, तेव्हा मला आधी राग आला तो महापालिकेचा. रेघ कशाची म्हणून चौकशी केली तर कळलं, सकाळी फिरणाऱ्यांसाठी फरशीची वाट होणार आहे. ती मागणारा अर्ज माझ्या सासऱ्यांनी लिहिलेला होता. मग तो सगळा राग घेऊन मी घरी आले.

तंजावरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी खेळ शिकवते. कॉलेजच्या स्वतःच्या मैदानावर परीक्षेची इमारत उभी राहिली, तेव्हापासून आम्ही शेजारच्या महापालिकेच्या मैदानात खेळतो. खेळ म्हणजे हा आमच्या गावचाच. लोकरीचा पिवळा चेंडू, एका बाजूला पाच जणी, आणि वारा सुटला की देवाचं नाव. क्रिकेटच्या संघाला बूट मिळतात, आम्हाला शुभेच्छा मिळतात. माझ्या बहुतेक मुली पापनाशमकडच्या खेड्यांतल्या. बायकांना तिकीट नसलेली टाउन बस आहे म्हणून त्या कॉलेजात येतात आणि तीच बस गाठायची म्हणून संध्याकाळी सहाला रॅकेट खाली ठेवतात.

मामंजी पोस्टातून निवृत्त झाले आणि संघटनांच्या कामाला लागले. आमच्या गावात निवृत्त माणूस दोनच गोष्टी करतो, एक तर देवळाची कमिटी नाही तर संगम, म्हणजे संघटना. मामंजींचा संगम सकाळी फिरणाऱ्यांचा, आणि ते त्याचे सेक्रेटरी. माझं स्पष्ट मत आहे की चार माणसं एकत्र चालली तर तो व्यायाम असतो. त्यांनी लेटरहेड छापलं की राजकारण सुरू होतं.

"मामंजी, ती रेघ आमच्या कोर्टाच्या मधून जाते," मी जेवायला वाढताना म्हटलं.

"सरळ रेघ आहे. सरळ रेघ कोठून तरी जाणारच की."

"मग मुलींनी खेळायचं कुठे?"

"त्यांस कॉलेज नाही कां?" त्यांनी रसम मागितलं. "तुला आक्षेप असेल तर तूही मनु दे. लोकशाही आहे."

मनु म्हणजे अर्ज. आमच्या मराठीत असे तमिळ शब्द इतके मुरलेत की ते तमिळ आहेत हे महाराष्ट्रातले पाहुणे सांगतात तेव्हा कळतं. मी त्याच दुपारी तमिळमध्ये मनु लिहिला. मामंजींनी तो मागून घेतला, चष्मा लावून वाचला, व्याकरणाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "आतां दे. तसाच दिला असतास तर घराण्याची लाज गेली असती."

आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलर बाई आहेत, पण फोन त्यांचा नवरा उचलतो. मी मनु घेऊन गेले तेव्हा खुर्चीवरही तोच होता. "कोर्ट हलणार नाही मॅडम, माझा शब्द," तो म्हणाला. घरी आले तर मामंजी खुशीत. त्यांनाही सकाळीच शब्द मिळाला होता, वाट सरळच होणार म्हणून.

ही बातमी कुठून तरी एका विद्यार्थी संघटनेला लागली. ती मंडळी बॅनर घेऊन मैदानात आली. आमच्या बाजूने आली म्हणून मला आधी बरं वाटलं. त्यांनी घोषणा दिल्या, माझ्या मुलींना रॅकेट वर धरून उभं केलं, फोटो काढले, मग आणखी काढले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या विरोधी संघटनेला वाटलं, आपण मागे राहिलो. तीही आली. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली आणि दोन संध्याकाळी आमचा चेंडू एकदाही जाळीपलीकडे गेला नाही. पाठिंब्याने माझं जितकं नुकसान केलं तितकं मामंजींच्या रेघेनेसुद्धा केलं नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

मग एका सकाळी कौन्सिलर बाई स्वतः आल्या, मोपेडवरून, एकट्या. नवरा ओरत्तनाडूला कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. त्यांनी फिरणाऱ्यांना थांबवलं आणि मला फोन केला. मी वसतिगृहातल्या दोघींना आणि कप्तान मुलीला घेऊन गेले. कप्तान स्पर्धा जवळ आली म्हणून त्या आठवड्यात वसतिगृहातच राहात होती. ही मुलगी कोर्टावर वाघीण, पण बाहेर तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायचं.

बाईंनी मामंजींना विचारलं, "सार, तुम्ही कधी चालता?"

"साडेपाच ते सात."

"आणि तुम्ही कधी खेळता गं?"

"चार ते सहा, संध्याकाळी," मी म्हटलं.

बाई आमच्याकडे बघत राहिल्या. मला इतकी लाज वाटली की मी चुन्याच्या रेघेकडे बघू लागले. इतक्या दिवसांत हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. एका घरात राहून मी नाही, मामंजींनीही नाही.

"पण जाळीचे खांब मध्ये येतात," मामंजी म्हणाले. "अंधारात आमचा एक मेंबर धडकला."

तेव्हा कप्तान बोलली, मामंजींना मानाने ऐया म्हणत. "खांब आम्ही रोज उपटून ठेवू, ऐया. पण कोर्टात फरशी नको. पडलो तर गुडघे फुटतात. वाट कडेने वळवा."

"वळण येईल मग," मामंजी म्हणाले.

"तुमचेही गुडघे आहेत ना? हळू वळा," ती म्हणाली.

संगमातले दोघे हसले. मामंजी हसले नाहीत. ते निघाले, कडेकडेने, जिथून वाट वळली असती तिथून, हात मागे बांधून पुरं चालून आले. मला भीती वाटली की आता संगमाच्या घटनेचं कलम निघणार. पण ते माझ्यासमोर येऊन थांबले आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाले, "चालेल."

बाईंनी तिथेच इंजिनियरला फोन लावला. पुढच्या पंधरवड्यात वाट झाली, वळणासकट. उद्घाटनाच्या पाटीवर बाईंच्या नावाखाली नवऱ्याचंही नाव आलं, त्याला इलाज नाही. पण तेव्हापासून मी फोन करते तेव्हा बाईच उचलतात.

स्पर्धा कुंभकोणमला होती. मामंजी संगमाची पांढरी टोपी घालून आमच्या व्हॅनमध्ये बसले, मी बोलावलं नसताना. उपांत्य सामना आम्ही जिंकला. अंतिम सामन्यात एक-एक गेम झाला, तिसऱ्यात वारा फिरला आणि आम्ही हरलो. कप्तानचा शेवटचा चेंडू जाळीत गेला. ती कोर्टाच्या मध्यात उकिडवी बसली आणि रॅकेटच्या तारा बोटाने चाचपत राहिली. मी तिच्याकडे निघाले होते, पण माझ्या आधी मामंजी पोहोचले.

"शाब्बास," ते म्हणाले.

तिने डोळे पुसले. "हा तर आमचा तमिळ शब्द आहे, ऐया. सबाष."

"तुमचा कसा? आमचा आहे."

"आमच्या घरी आजीपण म्हणते."

"तुझ्या आजीस कोणी शिकवला?"

परतीच्या वाटेवर व्हॅन कॉफीला थांबली तरी वाद चालूच होता. मुली एका बाजूला, मामंजी एकटे. मधून मधून ते माझ्याकडे मदतीसाठी बघत होते. मी खिडकीबाहेर भाताची हिरवी शेतं बघत बसले. मला माझं मत होतं, पण त्या दिवशी ते मी माझ्याजवळच ठेवलं.