सविताताईंची न उघडणारी लिंक

मंडळी, आज चिडूनच लिहितोय.

आपल्या या ग्रुपवर आपण सगळे एकमेकांसाठी ब्लॉगच्या लिंक टाकतो. आज सकाळी निमगाव केतकीच्या सविताताईंनी त्यांची लिंक टाकली. खाली लगेच 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं' सुरू झालं. मी लिंक दाबली तर कोरं पान. पुन्हा पुन्हा दाबली, तेच.

शेवटी फोन लावला. "ताई, तुमची लिंक उघडत न्हाय."

त्या म्हणाल्या, "दादा, मग एवढ्या लोकांनी वाचलं तरी काय? जाऊ द्या, पुसूनच टाकते सगळं."

कसंबसं समजावलं आणि लेख मागवून घेतला. नव्वदच्या दशकात त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकली आणि ते लोणी देवकरला कारखान्यात कामाला लागले. एकदा यंत्रांच्या गोंगाटात त्यांनी सोबत्याला, मेंढरांना मारायचे तशीच हाक मारली. सगळे हसले. त्यानंतर ती हाक कायमची बंद झाली. लहानग्या सविताने घरी ती हाक ऐकवा म्हणून हट्ट धरला, तर म्हणाले, "आता कुणाला हाक मारू, पोरी?"

वाचून मी भवानीनगरच्या स्टँडवर तसाच बसून राहिलो. माझी एसटी निघून गेली.

दुपारी ताईंनी बरोबर लिंक टाकली आहे. खाली आत्तापर्यंत माझी एकट्याची प्रतिक्रिया आहे. सकाळी रडलेले सगळे कुठं गेले? नाही आवडलं तर तसं लिहा, पण आधी वाचाल का?